झिरो नंबर देऊ काय?

वस्तरा पिशवीतून बाहेर काढला, तिथंच चुकलं. दुकानात नुसता घासायचा कागद मागितला असता तर दोन मिनिटांत सुटलो असतो आणि परक्या बाईच्या टाचेला हात लावायची वेळ आली नसती.

वस्तरा आजोबांचा. ते मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीला जाऊन आले. घरातली अधिकृत कथा अशी की हा वस्तरा त्यांनी एका जर्मन अधिकाऱ्याकडून हिसकावला. पात्याच्या बुडाशी 'सोलिंगन' या जर्मन शहराचं नाव कोरलेलं आहे हे खरं. पण सोलिंगनचे वस्तरे तेव्हा जगभर विकत मिळायचे, आणि आजोबा हिसकावणाऱ्यांतले नव्हतेच. रेशनच्या रांगेत कुणी मध्ये घुसला तरी 'असू दे, त्याला घाई असेल' म्हणायचे. ते गेल्यावर वस्तरा माळ्यावर गेला. बेळगावच्या पावसात भिंतींना शेवाळ येतं, तिथं लोखंडाची काय कथा! काढला तेव्हा पात्यावर काळे डाग आणि मुठीवर पालीची अंडी.

मी रीतसर माहिती काढली. काळा वॉटर पेपर घ्यायचा, 400 नंबरनं सुरुवात करायची, मग 600, 800, 1000 असं 2000 पर्यंत चढत जायचं. आकडा मोठा तसा कागद बारीक. कागद साबणाच्या पाण्यात भिजवायचा, बुचाच्या तुकड्याला गुंडाळायचा, धारेवर टेप लावून ठेवायची. पाठ फार घासायची नाही, कारण निसण्यावर वस्तरा पाठ आणि धार दोन्ही टेकवून फिरतो. पाठ झिजली की धारेचा कोन बिघडला. एवढं पाठ करून मी दुकानात गेलो.

"हजार नंबरचा कागद आहे का?"

"झिरो नंबर देऊ काय?"

"झिरो नको. हजार."

"हजार कागद? होलसेलला पलीकडं जावा."

"एकच कागद. हजार नंबर."

मालकांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "काका, झिरोच्या खाली बारीक काय असतंय ओ? झिरो म्हणजे झिरो."

खरं तर त्यांचंही चूक नव्हतं. एमरी कागदाचा एक जुना हिशेब आहे, त्यात झिरो बारीक, दोन झिरो त्याहून बारीक. दुसऱ्या हिशेबात 80 म्हणजे खडबडीत आणि 2000 म्हणजे रेशीम. दोन्ही हिशेब एकाच दुकानात, एकाच खोक्यात नांदतात आणि सांगायला कुणी नाही. हे समजावून द्यायला म्हणून मी वस्तरा काढला.

"मला 80 नंबर दे रे, नेहमीचा," असं म्हणत एक मावशी पुढं आल्या. खानापूरच्या गाडीची वेळ झाली होती, हे त्यांनी तीनदा सांगितलं आणि नंतरचा पाऊण तास तिथंच उभ्या राहिल्या. वस्तरा माझ्या हातातून त्यांच्या हातात कधी गेला ते कळलं नाही.

"कुणाचा ओ ह्यो?"

"आजोबांचा."

"हैत काय?"

"नाहीत."

"मग दाढी कुणाची करायची?"

"माझीच."

पपई पिकलीय का बघावं तसं त्यांनी माझ्या दोन्ही गालांकडं बघितलं. मग निर्णय दिला. "80 च घ्या. बारीक घेऊन काय, दिवसभर घासत बसायचं? मी टाचेला तोच लावते की."

मी म्हटलं, मावशी, हे पोलाद आहे. त्यावर मावशींनी चप्पल काढली, सिमेंटच्या पोत्यावर पाय ठेवला आणि टाच उजेडाकडं वळवली. दुकानात दोन पेंटर होते, नळाचा वायसर शोधणारा एक मास्तर होता. सगळे वाकले. टाच खरोखरच गुळगुळीत होती. एक पेंटर म्हणाला, "प्रायमर मारल्यागत दिसूलाय."

"नुसतं बघताय काय, हात लावून बघा."

मास्तरांनी आढ्याकडं बघितलं. पेंटर एकदम रंगाचे डबे मोजू लागले. मावशी माझ्याकडं बघत होत्या, वस्तरा त्यांच्या हातात होता. मी हात लावला. का लावला ते मला अजून सांगता येत नाही. मालक शांतपणे म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" त्यांनी असलं काहीही म्हटलं नव्हतं.

मी 80 चा एक आणि झिरोचा एक घेऊन बाहेर पडलो. 400 पासून 2000 पर्यंतचे कागद शेवटी गाड्या रंगवणाऱ्यांना माल देणाऱ्या दुकानात मिळाले, तेही न बोलता. तिथं आधी का गेलो नाही, हे बायकोनं विचारायच्या आत मीच विचारून घेतलं.

दोन संध्याकाळी 400 नं घासलं. बोटं काळी, पाणी काळं, डाग होते तिथंच. गंजानं पोलाद खाल्लं की खड्डा पडतो. खड्डा भरत नाही, भोवतालचं पोलाद त्याच्या पातळीवर आणावं लागतं. तिसऱ्या संध्याकाळी धीर सुटला. फक्त त्या एका डागावर, फक्त चार हात, असं म्हणत 80 फिरवला. त्याचा कण सुमारे 200 मायक्रॉनचा, 2000 चा जेमतेम 10. डाग गेला. सोबत 'सोलिंगन'मधलं 'सोलिं'ही गेलं, आणि पात्यावर नांगरट झाली ती वेगळीच. आठवडाभर एकेका नंबरनं दिशा बदलून घासतोय, आधीच्या रेघा जाईपर्यंत पुढं सरकायचं नाही. पात्यात आता माझं तोंड दिसतं, आडव्या रेघांसकट.

तरी म्हणायचं तक्रार कशाला. 1956 साली आम्हा बेळगावकरांना न विचारता इकडं, आजच्या कर्नाटकात, टाकलं, 2004 पासून सुप्रीम कोर्टात त्यावर कागद घासणं चालू आहे; त्या मानानं माझा आठवडा काहीच नाही. पण राग मला कोर्टाचा येत नाही, त्या मालकांचा येतो. खोक्यावर नंबर लिहून ठेवायला एक खडू लागतो. मराठीत लिहा, कानडीत लिहा, भिंतीवर रेघा मारा!

काल 80 चा उरलेला अर्धा कागद टेबलावर दिसेना. न्हाणीघरात सापडला, दगडाशेजारी, ओला.

"चांगलाय गं तो," बायको आतून आईला सांगत होती. मग मला म्हणाली, "आणखी दोन आणा. त्याच दुकानातला."