‘फेकायच्या कॅमेऱ्याचे फोटो’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. लिलावाआधीचं प्रदर्शन पाहून तुम्ही दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर वाचला. हजार-पंधराशेच्या डिस्पोजेबल कॅमेऱ्यातले पुसट, दाणेदार फोटो, एकात तर कोपऱ्यात बोट आलेलं, आणि बोली ३५ हजारांपासून. शिवाय निगेटिव्ह हाताशी असल्यावर हव्या तेवढ्या प्रती काढता येतात, म्हणून ही लोकांची फसवणूक, असं तुम्ही म्हणता. आरोप गंभीर आहे, म्हणून इथेच उत्तर देतो.

हे फोटो वरळीच्या बीडीडी चाळींमधले आहेत. १९२० च्या दशकात बांधलेल्या या इमारती पुनर्विकासात पाडल्या जात आहेत. १६० चौरस फुटांची खोली, आणि दोन्ही बाजूंच्या दारांमधून जाणारा लांबलचक अंधारा पॅसेज. डिस्पोजेबल कॅमेऱ्याची लेन्स प्लॅस्टिकची, फोकस कायमचा ठरलेला. मीटरभराच्या आत जे येईल ते धूसर होतं. फ्लॅश जेमतेम तीन मीटर पोचतो. त्यामुळे खोलीत देव्हारा, मांडणीवरचे डबे, दोरीवरचे कपडे सगळं लख्ख उजळतं, आणि पॅसेजमध्ये तोच फ्लॅश दोन दारं ओलांडायच्या आत संपतो. ट्रायपॉड लावून भारी कॅमेऱ्यानं तो पॅसेज टोकापर्यंत स्वच्छ टिपता आला असता. पण तिथे राहिलेल्या माणसाला तो आपला वाटला नसता. प्रदर्शनाला आलेल्या वरळीच्या एका आजींनी अंधारातलं आपलं दार बोट ठेवून दाखवलं, तेव्हा मी शेजारीच उभा होतो.

कलाकार कापड, ध्वनी आणि फोटो या तिन्ही माध्यमांत काम करतात आणि साधन विषय पाहून निवडतात. या डिस्पोजेबल कॅमेऱ्याच्या रोलमध्ये २७ फोटो, काढलेला लगेच बघता येत नाही, पुसता येत नाही. वॉकर इव्हान्ससारख्या नावाजलेल्या अमेरिकन छायाचित्रकारानं सत्तरीत, १९७३-७४ मध्ये, पोलरॉइडचा एसएक्स-७० हा फोटो लगेच हातात देणारा कॅमेरा घेतला होता. ते फोटो आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहेत. साधन स्वस्त म्हणून काम हलकं, हे मला मान्य नाही.

प्रतींबद्दल तुमची शंका रास्त आहे, ग्राहकानं ती विचारायलाच हवी. हे डार्करूममध्ये एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली, हातानं काढलेले सी-प्रिंट (रंगीत फोटो-कागदावरचे प्रिंट) आहेत. प्रत्येक फोटोच्या पाच प्रती, शिवाय कलाकाराकडे दोन. प्रत्येकीच्या मागे क्रमांक आणि सही आहे. या आकारात आणखी प्रत काढायची नाही, हे करारात लिहिलेलं आहे आणि विकत घेणाऱ्याला त्याची प्रत मिळते. बोट, निगेटिव्हवरचा ओरखडा, धूसरपणा यांची नोंद प्रत्येक लॉटच्या (लिलावातल्या प्रत्येक वस्तूच्या) कंडिशन रिपोर्टमध्ये, म्हणजे तिच्या स्थितीच्या अहवालात आहे. प्रीमियम (बोलीच्या रकमेवर लिलावगृह घेतं ते शुल्क) आणि जीएसटी कॅटलॉगच्या पहिल्याच पानावर छापले आहेत. ३५ हजार ही पायाभूत किंमत आहे. तेवढी बोली आली नाही तर प्रिंट कलाकाराकडे परत जाते.

खरी काळजी घ्यायची ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती मी प्रत्येक ग्राहकाला आधीच सांगतो. सी-प्रिंटचे रंग उन्हात उडतात आणि मुंबईच्या पावसाळ्यात बुरशी धरते. घराच्या बाहेरच्या बाजूच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर आतूनही टांगू नका, फ्रेम करताना काच प्रिंटला टेकू देऊ नका.

लिलावाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत प्रिंट भिंतीवर आहेत. काउंटरवर कराराचा नमुना आणि सगळ्या रोलच्या कॉन्टॅक्ट शीट (रोलमधले सगळे फोटो लहान आकारात एकत्र छापलेले कागद) मागून घ्या. मी दुपारी तीननंतर तिथेच असतो.