धुण्याच्या मशीनची मोटर

परवा भर दुपारी, बडकस चौकाजवळच्या आमच्या गल्लीत, ज्या गृहस्थांना मी माठातले गार पाणी दिले त्यांनीच माझ्या वाहनाची चारचौघांत अब्रू घेतली.

वाहन म्हणजे सिंक्लेअर सी-५ ही एकट्याने बसायची विजेची तिचाकी. १० जानेवारी १९८५ रोजी लंडनमध्ये ती गाजावाजा करून बाजारात आली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिचे उत्पादनही थांबले. एका नातलगाच्या सामानातून ती नागपूरला पोहोचली. मध्यंतरी कुणा हौशी मालकाने मूळच्या 12 व्होल्टला आणखी एक बॅटरी जोडून तिला 24 व्होल्ट पाजले, रिले, म्हणजे मोटरचा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच, मात्र जुनाच ठेवला. परिणामी त्याचे पॉइंट ठिणग्यांनी वितळून एकमेकांना चिकटले आणि बटण सोडले तरी गाडी धावतच राहू लागली. हिचे हँडल मांड्यांखाली असते आणि चालक जवळजवळ आडवा बसलेला असतो, त्यामुळे असे धावणे आमच्या महाल भागातल्या गर्दीत फारच मानहानिकारक होते.

मोटर उतरवून मी ओट्यावर तिचे कार्बन ब्रश तपासत होतो, तेव्हा पाणी पिऊन झालेले काका खाली वाकले.

“भाऊ, हे तं धुण्याच्या मशीनची मोटर आहे.”

मी नम्रपणे सांगितले की ही कायम चुंबकाची, 12 व्होल्ट डीसीवर चालणारी, 250 वॉटची मोटर आहे, ती इटलीत बनली, आणि त्या काळातली धुण्याची मशीन तर घरातल्या एसी विजेवर चालत असे. काकांनी हे सर्व शांतपणे ऐकले.

“बरं, गाडी कोणत्या कारखान्यात जोडली?”

येथे मी खोटे बोलायला हवे होते असे घरच्यांचे मत आहे. पण सत्य असे की ती वेल्समधल्या मर्थर टिडफिल येथे, हूवर कंपनीच्या कारखान्यात जोडली जात असे.

“आणि ते कंपनी काय बनवे?”

“धुण्याची मशीन,” मी म्हणालो.

“मंग! मी काय सांगून राहिलो?” काकांनी विजयी मुद्रेने गल्लीकडे पाहिले. तोवर समोरचा इस्त्रीवाला, दोन शाळकरी मुले आणि आमचे शेजारी जमले होते. “तुमाले फसवलं ना बाप्पा कोणीतरी. मशीनची मोटर देल्ली लावून!”

याच कारखान्यामुळे ही अफवा इंग्लंडातही 1985 पासून या गाडीच्या मागे लागली आहे, हे मी सांगू लागलो. त्यावर काका म्हणाले, “पाहा, तिकडच्या लोकायलेही समजलं होतं.” पुराव्याचा असा उलटा उपयोग मी कोर्टातही पाहिलेला नाही. मग इस्त्रीवाल्याने मोटर हातात घेतली, वजन जोखले आणि “मशीनचीच वाटते” असा निर्वाळा दिला. या गृहस्थाने आयुष्यात निखाऱ्याची इस्त्री सोडून दुसरे यंत्र हाताळलेले नाही.

खरा संताप काकांचा नाहीच. शहरात ई-रिक्षा वाढल्यापासून मी ज्या ज्या दुकानात गेलो तेथे एकच उत्तर मिळाले: हे सगळे काढून फेका, 48 व्होल्टचा सेट बसवून देतो. रिले बदलून, वायरिंग पुन्हा 12 व्होल्टवर आणून द्या, एवढीच माझी मागणी होती. ती ऐकताच कारागीर माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहतात. एकाने तर मीटर न लावताच मोटर जळाल्याचे जाहीर केले आणि त्या निदानाचे पैसेही घेतले. त्या मानाने काकांनी निदान फुकट तरी केले.

रिले मी स्वतःच बदलला. गाडी आता बटण सोडताच थांबते, पण हे पाहायला गल्लीत कोणी आले नाही. काल संध्याकाळी मात्र पलीकडच्या वाड्यातल्या वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांच्या मशीनचा ड्रायर फिरत नव्हता आणि काकांनी त्यांना माझा पत्ता दिला होता.