‘सॅटेलाइट म्हणतो बर्फ वाढला’ : त्या फॉरवर्डचं पोस्टमॉर्टम

परत एकदा तो फॉरवर्ड फिरतोय. वर चढत जाणारी निळी रेघ, आणि खाली लिहिलंय की १९६७ पासूनचा सॅटेलाइट डेटा बघा, उत्तर गोलार्धात बर्फ वाढतोय, तापमानवाढ वगैरे सगळं थोतांड. त्याला शेपूट म्हणून आणखी तीन मुद्दे: २०२३ ला कॅलिफोर्नियात विक्रमी बर्फ पडला, सॅटेलाइटला ढग आणि बर्फ यातला फरकच कळत नाही, आणि शास्त्रज्ञ आकडे ‘दुरुस्त’ करून हवे तसे वळवतात. मला हा आत्तापर्यंत चार जणांनी पाठवलाय म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आधी ग्राफ. तो खरा आहे, कोणी घरी बसून काढलेला नाही. अमेरिकेची नोआ ही संस्था १९६६ पासून सॅटेलाइट फोटोंवरून उत्तर गोलार्धातल्या बर्फाचे नकाशे बनवते आणि सॅटेलाइटवरून बर्फाची इतकी लांब सलग नोंद दुसरी नाही. पण फॉरवर्डमधल्या ग्राफवर बारीक अक्षरात ‘फॉल’ लिहिलंय ते कोणी वाचतच नाही, म्हणजे हा फक्त सप्टेंबर ते नोव्हेंबरचा बर्फ आहे. त्याच डेटातले मे-जूनचे आकडे घेऊन ग्राफ काढा, रेघ सरळ खाली येते. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०१९ च्या रिपोर्टप्रमाणे आर्क्टिकमधल्या जमिनीवरचा जूनचा बर्फ १९६७ ते २०१८ मध्ये दर दहा वर्षांना सुमारे १३.४ टक्क्यांनी आकसलाय. एकाच टेबलातला सोयीचा कॉलम उचलायचा आणि शेजारचा झाकायचा, एवढीच ती कलाकारी.

आणि महिन्याने फरक पडतोच. जूनमध्ये तिकडे सूर्य मावळतच नाही, त्यामुळे तेव्हा पांढरी जमीन असली तर प्रचंड ऊन परत आकाशात जातं आणि काळी माती उघडी पडली तर तेच ऊन जमीन तापवतं. ऑक्टोबरमध्ये सूर्यच इतका खाली असतो की परत पाठवायला ऊन असतंच किती.

बरं, ती शरदातली वाढ तरी धड आहे का? सुरुवातीची कित्येक वर्षं हे नकाशे माणसं हाताने काढायची. आठवडाभराचे फोटो समोर घ्यायचे, ढगांमधून जमीन दिसेल तिथे बघायचं, बर्फाची सीमा आखायची, मग नकाशावर साधारण १९० किलोमीटरचे चौकोन टाकायचे आणि ज्यात निम्म्याहून जास्त पांढरं तो अख्खा चौकोन बर्फाचा धरायचा, बाकी कोरा. १९९७ पासून कॉम्प्युटरवर २४ किलोमीटरच्या चौकोनांचे रोजचे नकाशे सुरू झाले, पुढे ४ किलोमीटर आणि आता १ किलोमीटर. नजर अशी तीक्ष्ण होत गेली की ऑक्टोबरमधला पहिला भुरभुर बर्फ, जो आधी सुटायचा, तो पण पकडला जातो. २०१३ मध्ये रॉस ब्राऊन आणि ख्रिस डर्कसेन या कॅनडाच्या संशोधकांनी युरेशियाच्या ऑक्टोबरचे आकडे दुसऱ्या स्वतंत्र नोंदींशी ताडून बघितले तर ती वाढ तिथे जुळेचना. म्हणजे बऱ्यापैकी शक्यता ही की बर्फ नाही, चष्म्याचा नंबर बदलला.

फॉरवर्डवाल्याने ज्याला हातच लावला नाही तो मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वरून बोटभर बर्फ आणि पुरुषभर बर्फ सारखाच पांढरा दिसतो. क्षेत्रफळ म्हणजे पाणी नव्हे. ताजा भुसभुशीत बर्फ दहा सेंटीमीटर वितळवला तर जेमतेम एक सेंटीमीटर पाणी मिळतं, वसंतातला दबलेला जुना बर्फ तेवढाच घेतला तर तीन-चार सेंटीमीटर. हे पाणी मोजायला १९७८ पासून मायक्रोवेव्हवाले सॅटेलाइट आहेत. जमिनीतून सतत बारीक मायक्रोवेव्ह निघत असतात, वरचे बर्फाचे कण त्या विखुरतात, जितका जाड थर तितकं कमी वर पोचतं. ढग असो नाहीतर ध्रुवावरची रात्र, चालतं. पण यातही लोच्या आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही: साधारण १५० मिलिमीटर पाण्याच्या पुढे सिग्नल वाढायचाच थांबतो, बर्फ ओला झाला की गणित कोलमडतं, आणि २५ किलोमीटरच्या एका पिक्सेलमध्ये शिखर, दरी, जंगल सगळं एकत्र येतं, त्यामुळे हिमालय किंवा आल्प्ससारख्या डोंगरांसाठी हे आकडे भरवशाचे नाहीत.

कॅलिफोर्निया. हो, १ एप्रिल २०२३ ला तिथला बर्फ सरासरीच्या दुपटीहून जास्त होता. २०१५ मध्ये त्याच तारखेला सरासरीच्या ५ टक्के होता, ते वर्ष का नाही टाकलं? एका वर्षाचा खेळ करायचा तर दोन्ही बाजूंनी करता येतो. १९५५ ते २०१६ ची जमिनीवरची मोजणी बघा, पश्चिम अमेरिकेतल्या ९० टक्क्यांहून जास्त ठिकाणी घट आहे.

ढगांचं म्हणाल तर दोन्ही डोळ्यांना पांढरे दिसतात हे बरोबर, पण साधारण १.६ मायक्रॉनच्या इन्फ्रारेडमध्ये बर्फ काळपट दिसतो आणि ढग चकाकतात, सॅटेलाइटवर बसवलेली मोडिससारखी उपकरणं २००० पासून त्याच फरकावर चालतायत. पातळ हिमकणांचे ढग अजूनही कधीकधी चकवतात, मान्य. पण सॅटेलाइटला बर्फ ओळखताच येत नसेल तर मग तुमचा तो पहिला ग्राफ कशाच्या जोरावर दाखवताय बाबा?

राहिली ‘दुरुस्ती’. २०२० साली नेचर या विज्ञान नियतकालिकात पुलियाइनेन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० ते २०१८ मधला मार्चचा बर्फ वजनात मोजला, डोंगर सोडून. मायक्रोवेव्हचा अंदाज कुठे किती चुकतो हे त्यांनी माणसांनी बर्फात चालत जाऊन, नळी खुपसून, वजन करून घेतलेल्या नोंदींवरून काढलं आणि तेवढा फरक वळता केला. निघालं काय, तर उत्तर अमेरिकेत दर दहा वर्षांना ४६ अब्ज टन घट आणि युरेशियात म्हणावा असा बदलच नाही. आकडे शिजवायलाच बसले होते तर अख्खा युरेशिया तसाच कच्चा का ठेवला, हे त्या फॉरवर्डवाल्याला कोणीतरी विचारा.