घोंगडी पांघरा, पण तिला डॉक्टर करू नका

‘आपल्या पूर्वजांना विज्ञान कळत होतं’ अशी सुरुवात, मध्ये हात जोडलेले, शेवटी फोन नंबर आणि ‘मर्यादित नग शिल्लक’. घोंगडीवरचा हा मेसेज गेल्या हिवाळ्यापासून माझ्याकडे निदान पाच ग्रुपांवरून आलाय. परवा आत्यानंही तो टाकला आणि खाली विचारलं, ‘‘खरं हाय का रं हे? गुडघ्यासाठी मागवू का?’’

आमचं गाव इचलकरंजीकडचं, पट्टणकोडोली जवळच. तिथल्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळतात. घरी आलं की कॉलरीत आणि केसांत भंडाऱ्यानं पिवळी झालेली लोकर सापडत राहते. आजोबांची घोंगडी तर मी पोरपणी पांघरलेली आहे. म्हणजे या वस्तूशी माझं वैर नाही. राग आहे तो मेसेजवर, कारण तो घोंगडीचे नसलेले गुण सांगतो आणि असलेले विसरतो. एकेक दावा घेऊ.

‘घोंगडीचे केस अंगावरच्या बिंदूंवर दाब देतात. त्या ॲक्युप्रेशरने मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी, अर्धांगवायू बरा होतो.’

घोंगडी टोचते ती तंतूच्या जाडीमुळे. लोकरीची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. स्वेटरची मऊ मेरिनो लोकर साधारण २० मायक्रॉनची असते. तंतू ३० मायक्रॉनच्या पुढे गेला की त्याचं टोक कातडीला टेकल्यावर वाकत नाही, रुततं. कातडीतल्या मज्जातंतूंची टोकं ते ओळखतात आणि आपण खाजवायला लागतो. आपली दख्खनी मेंढी याहून बरीच जाड लोकर देते, त्यातले कित्येक तंतू तर लोकरीपेक्षा केसाच्या जवळचे. म्हणून ती टोचते. तसं गोणपाटही टोचतं, पण गोणपाटावर झोपून कुणाची साखर उतरल्याचं ऐकलं नाही.

सांधेदुखीपुरतं त्यात थोडं तथ्य आहे, ते सांगतो. आजोबा शहाबादी फरशीवर घोंगडी अंथरून झोपायचे. थंडीत फरशी अंगातली ऊब ओढून घेते. लोकरीचा प्रत्येक तंतू मुळातच कुरळा, त्यामुळे दोन तंतूंमध्ये हवा अडकून राहते आणि ती हवा ऊब बाहेर जाऊ देत नाही. सकाळी गुडघा कमी आखडतो. हा उबेचा आराम झाला, दुखणं बरं झालं असं नव्हे. गादी घातली तरी तो मिळतो. आणि मधुमेहाची गोळी बंद करून कुणी घोंगडीवर झोपायला लागलं तर गोळीचं काम गोळीच करते, एवढं कुणीतरी त्या घरात सांगायला हवं.

‘घोंगडीच्या आसपास साप, विंचू फिरकत नाहीत.’

मला सगळ्यात जास्त भीती या ओळीची वाटते. मण्यार रात्री फिरते आणि तिचे दंश बहुतेक जमिनीवर झोपलेल्या माणसांना होतात. चावल्याचं कित्येकदा कळतही नाही, पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, तेव्हा धावपळ सुरू होते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने गेलेल्यांचा आकडा सुमारे १२ लाख काढला, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. लोकर बघून साप वाट बदलतो याला काही आधार नाही. खाटेवर झोपणं आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचणं याला आहे. विंचवाला तर घडी करून कोपऱ्यात ठेवलेलं जाड कापड म्हणजे आयतं घर. कोकणात विंचूदंशाने माणसं मरायची, ते प्रमाण खाली आलं ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून दाखवल्यामुळे.

‘लोकरीत जंतू, कीड वाढत नाही. म्हणून घोंगडी आयुष्यात धुवायची नसते.’

या एका वाक्यात तीन गोष्टींची खिचडी आहे.

पहिली, जंतू. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या गिरण्यांत लोकर निवडणारे कामगार पटापट मरत होते. त्या आजाराचं नावच ‘लोकर निवडणाऱ्यांचा रोग’ पडलं होतं. १८८० च्या सुमारास जॉन हेन्री बेल या तिथल्या डॉक्टरने दाखवलं की हा ॲन्थ्रॅक्स आहे, आपल्याकडची काळपुळी. परदेशातून आलेल्या कच्च्या लोकरीतून आणि केसांतून त्याचे बीजाणू कामगारांच्या फुप्फुसात जात होते. माझ्या अंगावरच्या घोंगडीतून काळपुळी होईल असं मी म्हणत नाही, पण लोकर जंतूंना मारते हे म्हणणं टिकत नाही.

दुसरी, कीड. लोकर म्हणजे केराटिन, आपल्या केसांचं आणि नखांचं प्रथिन. ते पचवणारे प्राणी फार थोडे आहेत आणि त्यांपैकी एक आपल्या घरात राहतो: कसर. दिव्याभोवती न फिरता अंधारात पळणारा तो बारका, फिकट सोनेरी पतंग खुद्द काही खात नाही, खाते ती त्याची अळी. आजोबा गेल्यावर त्यांची घोंगडी आईनं पत्र्याच्या ट्रंकेत तळाला ठेवली, न धुता, कारण धुवायची नसते. तीन वर्षांनी काढली. वरून धडधाकट दिसत होती. उचलली तेव्हा घडीच्या रेषेवर तिचे दोन तुकडे झाले आणि तळाला वाळूसारखी विष्ठा आणि पांढऱ्या रेशमी नळ्या उरल्या. अळीला नुसत्या केराटिनवर नीट वाढता येत नाही. घाम, तेल, सांडलेलं अन्न लागलेली लोकर तिला जास्त मानवते. आजोबा ज्या बाजूनं मान टेकवायचे ती बाजू सगळ्यात जास्त खाल्लेली होती.

तिसरी गोष्ट, धुणं. इथं मेसेज अर्धा बरोबर आहे. मागावरून उतरलेल्या घोंगडीला सनगर, म्हणजे घोंगडी विणणारे कारागीर, चिंचोक्याची खळ देतात. तिचा ताठपणा आणि घट्टपणा बराचसा त्या खळीचा. धुतली की खळ सुटते, घोंगडी लुळी पडते. शिवाय तंतूवर माशासारखे खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणं एकत्र आलं की खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आटून गोळा होतं. याच गुणाचा उपयोग करून न विणता, लोकर ओली करून, दाबून, लोळवून जेन नावाचं जाड अंथरूण तयार करतात. जेनाला हे चालतं, विणलेल्या घोंगडीला नाही. तेव्हा वारंवार धुवू नका हे ठीक. तसंही लोकरीला वास लवकर धरत नाही, महिन्यातून एकदा झटकून उन्हात टाकली की पुरतं.

पण वर्षातून एकदा, ठेवणीत टाकण्याआधी, ती धुवायलाच हवी. गार पाणी, रिठ्याचं पाणी. बुडवायची, दाबायची, बाहेर काढायची. चोळायची नाही, आपटायची नाही, पिळायची तर अजिबात नाही, कारण ओली लोकर कोरडीपेक्षा कमजोर असते. सुती कापडाचं नेमकं उलट. धुण्याचा सोडा नको. ब्लीच तर लोकर अक्षरशः विरघळवतं, हवं तर चिमूटभर लोकर ब्लीचमध्ये रात्रभर टाकून बघा. डाग काढणाऱ्या एन्झाइमवाल्या पावडरीही टाळा: त्या प्रथिनाचे डाग खातात आणि घोंगडी प्रथिनाचीच आहे. दोरीवर लटकवू नका, स्वतःच्या ओझ्यानं ती लांबते. खाटेवर आडवी पसरा. पूर्ण वाळली की वेखंडाचे तुकडे घालून जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवा. वेखंडापेक्षा भरवसा त्या बांधलेल्या तोंडाचा.

‘अस्सल घोंगडी पावसात भिजत नाही.’

न भिजणाऱ्या वस्तूवरून मराठीत ‘भिजत घोंगडं’ हा वाक्प्रचार आला असता का? ज्याने तो पहिल्यांदा वापरला त्याने भिजलेलं घोंगडं उचलून पाहिलेलं असणार.

तरी धनगर पावसाळाभर घोंगड्याची खोळ डोक्यावर घेऊन मेंढरांमागं उभा राहतो, ते काही उगाच नाही. तंतूच्या बाहेरच्या खवल्यांवर स्निग्ध थर असतो, त्यामुळे रिमझिम पावसाचे थेंब वरच राहतात आणि झटकले की पडतात. पाण्याची वाफ मात्र तंतू आत घेतो, थेट स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी, आणि तरीही हाताला ओला लागत नाही. त्याहून गंमत म्हणजे वाफ शोषताना तंतू थोडी उष्णता बाहेर सोडतो. दमट, गार हवेत घोंगडी अंगावर घेतली की ती आपणहून ऊब दिल्यासारखी वाटते, ते खरंच तसं असतं. मेसेज लिहिणाऱ्याला पूर्वजांचं विज्ञानच दाखवायचं होतं तर ते इथं होतं. मुसळधार पावसात अर्ध्या तासानं मात्र ती पाणी प्यायला लागते, आणि मग दोन-अडीच किलोचं ओझं किती होतं ते मेंढपाळाच्या खांद्याला विचारा.

‘घोंगडी जळत नाही.’

जळते, पण नाखुशीनं. लोकर पेटायला ५७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं आणि पेटती राहायला हवेत असतो त्याहून जास्त प्राणवायू लागतो. म्हणून काडी लांब नेली की ती बहुधा आपोआप विझते, आणि ॲक्रिलिकसारखी वितळून कातडीला चिकटत नाही. शेकोटीशेजारी घोंगडी घेऊन बसायला हे पुरेसं आहे. आगीतून चालत जायला नाही.

‘आमची घोंगडी शंभर टक्के जावळाची. जितकी टोचेल तितकी अस्सल.’

जावळ म्हणजे कोकराची पहिली कातरण. तिला मान आहे तो ती मऊ असते म्हणून! ॲक्युप्रेशरसाठी टोचणारी आणि जावळाची, या दोन्ही गोष्टी एकाच घोंगडीत कशा बसवल्या, ते त्या नंबरवर फोन करून विचारायचं मनात आहे.

आणि हिशेब करा. दख्खनी मेंढी वर्षाला जेमतेम अर्धा किलोच्या आसपास लोकर देते. एका घोंगडीला चार-पाच मेंढ्यांची वर्षभराची लोकर, जावळाची हवी तर ती प्रत्येक कोकराच्या आयुष्यात एकदाच. मेंढी आता मटणासाठी पाळली जाते. जतकडच्या माडग्याळ मेंढीच्या अंगावर तर लोकर नावालाच असते. कातरणाऱ्याची मजुरीही लोकरीतून सुटत नाही म्हणून ती बांधावर टाकून देणारे मेंढपाळ आहेत. सूत काढणारे हात आणि मागावर बसणारे सनगर दोन्ही कमी होत चाललेत. अशा वेळी हजारो लोकांना मेसेज पाठवून ‘शुद्ध जावळ’ पुरवणारा माणूस ती आणतो कुठून? यात्रेत ‘घोंगडी’ म्हणून मिळणारं पुष्कळसं काळं कापड ॲक्रिलिक असतं, किंवा पानिपतकडे जुने स्वेटर पिंजून काढलेल्या सुताचं.

टोचण्यावरून अस्सल ओळखता येत नाही, जाड ॲक्रिलिकही टोचतं. कडेचा एक धागा मागा, चिमट्यात धरा, काडी लावा. लोकर असेल तर चुरचुरत जळेल, न्हाव्याच्या दुकानात केस जळाल्यासारखा वास येईल आणि उरलेली काळी राख बोटांत चुरडली जाईल. ॲक्रिलिक असेल तर काळा कडक मणी उरेल, तो चुरडत नाही. धागा द्यायला विक्रेता कुरकुरला तर उत्तर तिथंच मिळालं.

आत्याला हे सगळं व्हॉइस मेसेज करून सांगितलं. सहा मिनिटं झाली. तिचं उत्तर आलं, ‘‘म्हंजे घिऊ का नगो, ते सांग की.’’

म्हटलं, घे. अंथरायला घे. पण त्या नंबरवरून नको, दिवाळीला आलीस की आपण सनगराच्या घरी जाऊ, काडीपेटी मी आणतो. आणि गुडघा डॉक्टरला दाखव.