‘शंट फेकून द्या’ म्हणणाऱ्यांनो, एकदा मॉड्यूल उलटं करून बघा

दोन दिवस झाले, बेळगाव-निपाणीकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की करंट मोजायला शंट (वायरच्या वाटेत बसवायचा अगदी कमी ओहमचा रेझिस्टर, त्यावरच्या व्होल्टेजवरून करंट कळतो) आता फेकून द्या, मॅग्नेटिक सेन्सर लावा, तो वायरला टच होत नाही, शॉक नाही, लॉस नाही, वर अ‍ॅक्युरेट. मी उद्यमबागेत पंपाचे स्टार्टर पॅनल बांधतो, आणि हे वाचून पोरं थेट मेन्सवर प्रयोग करायला लागलीत, म्हणून लिहितोय.

टच होत नाही म्हणे. अरे, एसीएस७१२ म्हणजे असल्या मॅग्नेटिक सेन्सरची चिप, तिच्यात करंट चिपच्या आतूनच जातो की, तांब्याच्या पट्टीतून. आयसोलेशन, म्हणजे विजेचा थेट संबंध नसणं, आहे ते पट्टी आणि आउटपुट यांच्यामधे. मॉड्यूल, म्हणजे ती चिप बसवलेला छोटा बोर्ड, उलटं करा, हिरव्या टर्मिनलखाली सोल्डरचे दोन टोकदार गोळे दिसतील, २३० व्होल्ट तिथं उघडेच असतात. पत्र्याच्या डब्यात नुसत्या डबल टेपवर चिकटवलेलं मॉड्यूल मी बघितलंय, टोक आणि पत्रा यांच्यात कागदाएवढी फट! हात लागला तर काय होईल सांगा.

लॉस नाही हे पण चूक. ती पट्टी १.२ मिलीओहमची, ३० अँपिअरला एक वॉटच्या वर तापते. १ मिलीओहमचा शंट ०.९ वॉट. फरक कुठाय? हां, शंटवर तेव्हा ३० मिलीव्होल्टच मिळतात, त्याला अ‍ॅम्प्लिफायर चांगला लागतो, हे मान्य.

आता अ‍ॅक्युरेट. ३० अँपिअरवाला एसीएस७१२ दर अँपिअरला ६६ मिलीव्होल्ट देतो आणि अर्डुइनो ऊनो या कंट्रोलर बोर्डाची व्होल्टेज मोजायची एक पायरी जवळपास ४.९ मिलीव्होल्टची, म्हणजे ७४ मिलीअँपिअरच्या खालचं काही कळतच नाही, त्यात नॉइज वेगळा. झिरोला आउटपुट सप्लायच्या निम्मं असतं, ५ व्होल्टचे ४.७ झाले की २.५ चं २.३५ होतं, आणि ईएसपी३२ या दुसऱ्या कंट्रोलरच्या कोडमधे २.५ पक्कं धरलं असेल तर पंप बंद असताना सव्वादोन अँपिअर दिसतात. शेजारी कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा कॉइलवाला स्विच) असला तर त्याच्या कॉइलचं मॅग्नेटिक फील्डपण रीडिंगमधे येतं, माझ्या पॅनलमधे सेन्सर वीतभर लांब नेला तेव्हा आकडा जाग्यावर आला.

मेन्सवर आयसोलेशन पाहिजेच, त्यात वाद नाही. पण १२ व्होल्टच्या सोलर बॅटरीला मायनसमधे शंट बरा. आणि एसी पंप कोरडा चालतोय का एवढंच बघायचंय तर क्लॅम्पची सीटी (वायरभोवती बसणारा करंट ट्रान्सफॉर्मर) घ्या, डीसी तिला कळत नाही पण इथं ते लागतही नाही, फक्त सेकंडरीला, म्हणजे तिच्या आउटपुटच्या दोन टोकांना, बर्डन रेझिस्टर आधी जोडा आणि मगच वायरवर क्लॅम्प करा, उघडी ठेवली तर तिथं व्होल्टेज लई चढतं.