रणगाडा बघा, पण मुक्काम ट्रकांपाशी करा

जुन्या लष्करी गाड्यांच्या मेळ्याला जायचं म्हटलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: रणगाडे कोणते येणार? मग सकाळी गेट उघडताच आत, दुपारी मैदानातली लुटुपुटीची लढाई, कानठळ्या बसवणारे बार, रणगाड्यापुढे सेल्फी आणि संध्याकाळी पार्किंगमधून बाहेर पडताना चिडचिड. मजा येते, नाही असं नाही. पण मला विचाराल तर ही मंडळी निम्मा मेळा न बघताच परततात. आणि जो निम्मा बघतात, त्यातून युद्ध कसं चालायचं हे फारसं कळत नाही.

मला रणगाड्यांचं वावडं आहे असा गैरसमज नको, म्हणून आधी त्यांच्याबद्दल. इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यात बोव्हिंग्टनचं टँक म्युझियम आहे. तिथला टायगर १३१ हा जगातला चालू स्थितीतला एकमेव टायगर-१, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला जर्मन अवजड रणगाडा. ब्रिटिशांनी तो एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडला होता. ते ५७ टनांचं धूड मैदानात वळायला लागलं की पायाखालची जमीन थरथरते आणि शेजारी उभा असलेला अनोळखी माणूसही आपल्याकडे बघून उगाच हसतो. एकदा तरी अनुभवावं असंच आहे ते. पण जर्मनीने असे टायगर बनवले सगळे मिळून १,३४७. अमेरिकेने जीएमसी कंपनीचे अडीच टनी ट्रक बनवले साडेपाच लाखांहून जास्त आणि जीप सहा लाखांच्या वर. आता मेळ्यात दोरीला रेटून गर्दी कुठे उभी असते आणि कुठे चिटपाखरू नसतं, ते बघा. ट्रकांच्या रांगेकडे लोक वळतात ते बहुधा टॉयलेट शोधत.

या ट्रकांनी काय केलं होतं? १९४४ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीतली कोंडी फुटली आणि दोस्त राष्ट्रांच्या फौजा इतक्या वेगाने पुढे गेल्या की पेट्रोल आणि दारूगोळा मागेच राहिला. फ्रान्सची रेल्वे दोस्तांच्याच विमानांनी आधी उखडून ठेवलेली. मग २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ नावाने ट्रकांचा अखंड फेरा सुरू राहिला. जायचा रस्ता वेगळा, यायचा वेगळा, आणि त्यावर दुसऱ्या कोणत्याही वाहतुकीला मज्जाव. ऐन भरात सहा हजारांच्या आसपास गाड्या दिवसाला १२,००० टनांहून जास्त माल पोचवत होत्या. ताशी २५ मैलांची मर्यादा होती, पण वेग आवरण्यासाठी इंजिनाला बसवलेला गव्हर्नर चालक सरळ निकामी करून टाकायचे. चालकांपैकी साधारण तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय अमेरिकन होते. ज्या सैन्यासाठी ते रात्रंदिवस गाडी हाकत होते, त्या सैन्यात त्यांच्या तुकड्याही वेगळ्या ठेवलेल्या. ही वेगळी पंगत बंद करण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी काढला तो थेट १९४८ मध्ये. एवढं करूनही ऑगस्टअखेरीस अमेरिकेच्या जनरल पॅटन यांच्या तिसऱ्या आर्मीचे रणगाडे पेट्रोलवाचून उभे राहिलेच. शत्रूने अडवलं म्हणून नव्हे, डबे पोचले नाहीत म्हणून.

मैदानातल्या वीस मिनिटांच्या लढाईत यातलं काय दिसतं? काहीही नाही. तिथे रणगाडा आपोआप भरलेला असतो, आपोआप चालतो आणि ठरलेल्या वेळी धूर सोडतो.

म्हणूनच मी मुक्कामाला जातो. एका मित्राचा जीएमसी आहे, त्याच्या शेजारी तंबू ठोकतो. दिवसा हा मित्र येणाऱ्या प्रत्येकाला तीच चार वाक्यं ऐकवत असतो: किती सालचा, किती हॉर्सपॉवर, किती पितो (लिटरला तीन किलोमीटरच्या आसपास), आणि नाही, विकायचा नाही. संध्याकाळी गेट बंद झालं की बॉनेट उघडतं आणि खरी बोलणी सुरू होतात. कुणाच्या पंपाचा डायफ्राम फाटला, कुणाला मूळ कागदात गुंडाळलेलं कोरं वॉटरपंप किट मिळालं, कुणाचं एक चाक अजून ब्रेकच धरत नाही. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल येऊ लागलं. त्याने जुने रबरी पाइप आणि सील खराब होतात, त्यामुळे रात्रीच्या निम्म्या गप्पा त्याच विषयावर. युद्धातला मेकॅनिक आणि आजचा मालक यांच्यात फरक एवढाच, की याच्यावर कुणी गोळ्या झाडत नाही.

आणि सकाळ. सहाच्या सुमाराला कॅनव्हासवर दव साचलेलं असतं, सीट ओलीगार. मित्र जुन्या टॉवेलने काच पुसतो, चोक ओढतो, स्टार्टर दाबतो. सहा सिलिंडरचं इंजिन आधी नुसतं कण्हतं, मग एक ठोका, मग दोन, मग सगळे. गाडी थोडी हलवायची असेल तर गंमत बघावी. गिअरबॉक्सला सिंक्रोमेश (गिअरांचा वेग आपोआप जुळवणारी सोय) नाही, त्यामुळे डबल क्लच, म्हणजे दोनदा क्लच, मारल्याशिवाय गिअर पडत नाही आणि वेळ चुकली की सगळ्या कॅम्पला जाग येईल असा कर्रकन आवाज होतो. कॅबमध्ये शेजारी बसून दोनशे मीटर गेलं तरी कळतं, की रात्रीच्या अंधारात, झाकलेल्या दिव्यांच्या उजेडात, पाठीवर पेट्रोल लादून हा ट्रक शेकडो किलोमीटर हाकायचा म्हणजे काय. पुस्तकातला बारा हजार टनांचा आकडा तेव्हा दंडात आणि कमरेत जाणवतो.

मुक्कामाचा दुसरा फायदा म्हणजे गाडीखाली शिरायला मिळतं. दिवसा कोण शिरू देणार? जीप विलीस कंपनीची की फोर्डची (दोघांनीही त्या बनवल्या), हे पुढच्या बंपरमागे वाकून बघितलं की समजतं: चॅसीचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर विलीस, चौकोनी पन्हळीसारखा असेल तर फोर्ड. फोर्डच्या बोल्टांच्या माथ्यावरही बारीक ‘एफ’ असतो. ज्या जीपवर मोठा पांढरा तारा आणि नॉर्मंडीच्या सगळ्या खुणा रंगवल्यात, ती कधी कधी फ्रान्सची हॉचकिस एम२०१ निघते, म्हणजे युद्धानंतर दहा-वीस वर्षांनी बनलेली. मला त्यात वावगं वाटत नाही. मालकाने विचारल्यावर खरं सांगितलं म्हणजे झालं.

जर्मन बाजूला हे सोंग जास्त असतं. बऱ्याचदा दिसणारा ‘जर्मन’ हाफ-ट्रॅक (पुढे चाकं आणि मागे रणगाड्यासारखे पट्टे असलेली गाडी) हा प्रत्यक्षात युद्धानंतरचा चेकोस्लोव्हाकियाचा ओटी-८१० असतो, राखाडी किंवा पिवळट रंग फासलेला. तेही चालेल. मला खुपतं ते वेगळंच. मेळ्यातलं जर्मन सैन्य बघून वाटतं, की यांच्याकडे शिपायागणिक एक गाडी होती. प्रत्यक्षात १९४१ मध्ये सोव्हिएत संघावर चालून जाताना त्यांच्याबरोबर सहा लाखांहून जास्त घोडे होते. तोफा घोडे ओढत होते, दाणागोटा घोडे ओढत होते आणि बहुतेक पायदळ अक्षरशः पायी चाललं होतं. मेळ्यात घोडागाडी क्वचितच दिसते. घोड्याला चारा लागतो, डॉक्टर लागतो आणि त्याला हिवाळाभर गॅरेजमध्ये झाकून ठेवता येत नाही, ही अडचण मी समजू शकतो. पण मग निदान एक फलक तरी लावा. आणि हिटलरच्या एसएस या नाझी दलाच्या गणवेशात छाती काढून फिरणाऱ्यांबद्दल बोलायचं तर काही ठिकाणी त्यावर बंधनं असतात, ती सगळीकडे असावीत. इतिहास दाखवायला ते बिल्ले लागतातच असं मला कुणी अजून पटवून दिलेलं नाही.

आता कुणी म्हणेल, अरे हे सगळं युद्धाचं कौतुकच नाही का? मित्र विचारतात आणि प्रश्न रास्त आहे. मैदानातल्या फटाक्यांना हा आरोप लागू पडतो, मी त्यांची वकिली करणार नाही. पण फिरत्या वर्कशॉपच्या मागे लावलेला लेथ, किंवा पेट्रोलवर चालणाऱ्या शेगड्यांचं फिरतं स्वयंपाकघर बघून कुणाला युद्धावर जावंसं वाटेल असं मला वाटत नाही. तिथे दिसतात फक्त कष्ट.

मुक्कामाचं थोडं, कारण पहिल्यांदा जाणारे यातच फसतात. अनेक मेळ्यांत दोन भाग असतात: एक प्रदर्शनातला, जिथे सगळं त्या काळातलंच दिसलं पाहिजे, आणि एक मागचा, जिथे तुमचा नायलॉनचा निळा-केशरी तंबू चालतो. पहिल्या भागात राहायचं तर दिवसभर लोक तंबूत डोकावणार हे धरून चाला. प्लॅस्टिकची बाटली बाहेर दिसली तरी शेजारी डोळे वटारतो. कॅनव्हासचा तंबू घेतलात तर पावसात त्याला आतून हात लावू नका, जिथे बोट लागेल तिथून पाणी झिरपायला लागतं. सुती दोरीचे तणावे ओले झाले की आखडतात, म्हणून झोपण्यापूर्वी जरा सैल करा, नाहीतर पहाटे मेखा उपटलेल्या असतील. शेगडी तंबूच्या आत कधीही, अगदी कधीही पेटवू नका. विझलेल्या वाटणाऱ्या निखाऱ्यातूनही कार्बन मोनॉक्साइड येतो आणि त्याला वास नसतो. गाडीखाली तेल टिपायला तबक ठेवा, शेतमालकाला पुढच्या वर्षी आपण परत हवे आहोत. जीपच्या काही चाकांची रिम दोन भागांची, बोल्टांनी जोडलेली असते. हवा पूर्ण काढल्याशिवाय त्या बोल्टांना पाना लावायचा नाही, आणि मदतीच्या उत्साहात तर मुळीच नाही. चिखलाचे बूट आणि कानात घालायचे बोळे, बस्स. अंघोळीच्या रांगेबद्दल न बोललेलंच बरं.

स्टॉलच्या गल्लीत फिरायला सकाळची पहिली वेळ बरी आणि तिथे माझी एक आवडती वस्तू आहे: जेरीकॅन. वीस लिटरचा पत्र्याचा डबा, मूळ जर्मन. वर एक नव्हे तर तीन मुठी आहेत. भरलेला डबा दोघांना मिळून उचलता येतो, रिकामे असतील तर एकाच हातात दोन धरता येतात, आणि साखळी करून हातोहात पुढेही देता येतो. आत थोडी हवा राहते, त्यामुळे भरलेला डबाही पाण्यावर तरंगतो. झाकण खटक्याचं, ओतायला नरसाळं लागत नाही. ब्रिटिशांचे सुरुवातीचे पेट्रोलचे डबे पातळ पत्र्याचे होते, हाताळता हाताळताच गळायचे. वाळवंटात त्यांच्या सैनिकांनी शत्रूचे डबे मिळतील तिथून उचलले आणि पुढे सरकारनेच नक्कल केली. स्टॉलवर डबा हातात घेतलात तर पत्र्यावर ठोकलेलं साल आणि ब्रिटिशांचा बाणाचा शिक्का शोधा. रंगाखाली दडलेला असतो, बोटाला लागतो.

आयोजकांनाही एक सांगायचंय. इंग्लंडमध्ये १ जानेवारी १९९७ पासून पुढे परीक्षा पास झालेल्यांना साध्या कारच्या परवान्यावर साधारणपणे साडेतीन टनांपर्यंतच गाडी चालवता येते. त्याआधीच्यांना साडेसात टनांपर्यंत मुभा आहे. म्हणजे जुने ट्रक चालवणारी पिढी आता पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे आहे. तरुण मुलं जीप घेतात, कारण ती परवान्यात बसते आणि गॅरेजमध्येही. ट्रकाला अनेकदा वेगळी परीक्षा, वेगळी जागा आणि महिन्याकाठी वेगळा खर्च. त्यात तुम्ही ट्रकवाल्यांना कुंपणापाशी मागच्या रांगेत उभं करता. पुढे ट्रक येईनासे झाले तर नवल वाटायला नको.

मैदानातली वीस मिनिटं एकदा ट्रकांना देऊन बघा. पेट्रोलवर चालणाऱ्या अमेरिकन शर्मन रणगाड्याच्या टाक्यांत सहाशे लिटरच्या वर तेल मावतं, म्हणजे तो एकदा भरायला तीसहून जास्त जेरीकॅन. डब्यांत पाणी भरा, प्रेक्षकांतून पोरं-थोरं बोलवा, साखळी करा आणि ट्रकमधले तीस डबे रणगाड्यापर्यंत हातोहात न्यायला लावा. घड्याळ लावा हवं तर. मग सांगा, की शेजारी असे आणखी पन्नास रणगाडे उभे आहेत आणि उद्या सकाळी पुन्हा हेच करायचंय.

हे होईल तेव्हा होईल. तुम्ही मुक्कामाची जागा घेताना ट्रकांच्या रांगेजवळची मागून घ्या. तिथे सहसा कुणी मागत नाही.