नाटक-चित्रांआधी खंजिरी काढा

ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) येशूची गोष्ट सांगायला नाटक, चित्रं, नवी गाणी आणावीत असं एका लेखात सुचवलंय. बरोबरच आहे, पण विदर्भातल्या खेड्यात सुरुवात भजन-कीर्तनाने सोपी जाते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग-कीर्तनाचीच वाट धरली होती.

बायबलातल्या लूक 15 मधला उधळ्या पुत्र घ्या, बापाकडून घेतलेला वाटा उडवून घरी परतणारा. पूर्वरंगात, म्हणजे कीर्तनाच्या पहिल्या भागात, एकच वचन, पंधरा मिनिटं, बस. उत्तररंगात, म्हणजे दुसऱ्या भागात, आख्यान (गोष्ट), पंचवीस मिनिटं. पूर्वरंग लांबला की त्याचा उपदेश होतो आणि मागची पोरं अंगणात जातात. गोष्टीतला पोरगा परतताना बापाला "मला मोलकरी ठेव" म्हणणार असतो. इथे थांबा. सालदाराला निदान वर्षाची हमी असते. हा रोजंदारीवर यायला तयार आहे. शेतकरी माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

सूर फार वर धरू नका. पेटीवाला स्वतःच्या गळ्याला सोयीची पट्टी घेतो आणि अंतऱ्यात बाया गप्प होतात. आदल्या दिवशी अंतऱ्यातली सगळ्यात वरची ओळ बायांकडूनच म्हणवून घ्या, मग पट्टी ठरवा. वीस जणांत टाळांचे दोन जोड पुरेत, नाहीतर शब्द बुडतात.

पावसाळ्यात खंजिरीचं चामडं सैल पडून आवाज बद्द येतो. निखाऱ्यांवर हातभर उंच धरून, फिरवत शेका. जवळ नेलं की तडकतं. प्लास्टिकच्या पानाची खंजिरी ओल्या हवेत टिकते, पण घुमत नाही.

चित्रांचं नंतर बघू.